नव्वद दिवसांचा लाल ठिपका

ताई चार दिवसांनी परतली ती कातड्याचे दोन गठ्ठे बगलेत मारून, आणि दुकानाचं दार ढकलताच तिला वाटलं, आपण चुकून शेजाऱ्याच्या दारातून आत शिरलो. समोरची भिंत पांढरी होती.

त्या भिंतीचा रंग कोणता, हे गेल्या तीस वर्षांत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण भिंत कधी दिसतच नसे. छतापासून गुडघ्यापर्यंत खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्यावर सुतळीने बांधलेला लाकडी पावलांचा एकेक जोड, टाचा बाहेर करून, टांगलेला असे. बूट शिवणारे त्याला फर्मा म्हणतात. त्याच्यावर कातडं ताणायचं, ठोकायचं, वाळवायचं, आणि मग त्यातून बूट उतरतो. इतर दुकानांतून नंबराप्रमाणे दहाबारा जोड असतात आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं. इथे एकशे चाळीस होते, कारण इथे येणारी माणसं कुठल्याच नंबरात बसत नसत. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड, कुणाची टाच आत वळलेली, कुणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. अशा प्रत्येकासाठी आधी वडिलांनी आणि त्यांच्यामागे ताईने ज्याचा त्याचा फर्मा घडवला होता. माणूस वर्षा-दीड वर्षाने नवे बूट करायला आला, की ताई त्याचं पाऊल मांडीवर घेऊन दाबून बघे. पाय जिथे वाढला असेल तिथे फर्म्यावर कातड्याचा पातळ तुकडा सरसाने चिकटवी, जिथे उतरला असेल तिथे कानस फिरवी. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांचे असे थर त्या लाकडांवर चढले होते. टाचेच्या मागे पेन्सिलीने खूण असे: ‘घड्याळजी’, ‘उंच मास्तरीण’, ‘डावा हट्टी’, ‘टपाल’.

आता तिथे काचेची एक फळी होती. फळीवर तेल पुसून चकचकीत केलेले बारा जोड, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले. वर एक छोटा दिवा, आणि दिव्याच्या वर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘आमचा वारसा’.

धाकटा आतल्या खोलीतून हात पुसत बाहेर आला. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण ताईच्या तोंडी अजून ‘बाळ’च. त्याच्या चेहऱ्यावरून आनंद नुसता ओसंडत होता.

“आलीस? मी म्हणणार होतो, दारातच डोळे मिट. काय, कसं वाटतंय?”

“बाळ, फर्मे कुठे आहेत?”

“हे काय, समोर.”

“बाकीचे.”

“सांगतो ना. आधी बस. पाणी घे.”

“मी उभी आहे ती बरी आहे. बाकीचे कुठे आहेत?”

“अगं, तेच तर आमच्या शिबिरात शिकवलं!” धाकट्याने गल्ल्याखालून एक चोपडं काढलं. छोट्या व्यावसायिकांसाठी शहरात दहा दिवसांचं शिबिर चालू होतं आणि रोज सकाळी तो तिथे जात असे, हे ताईला माहीत होतं. जाऊ दे, तेवढाच माणसांत बसेल, असं तिनेच म्हटलं होतं. “नव्वद दिवसांचा लाल ठिपका. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला विचारायचं, गेल्या नव्वद दिवसांत तुला हात लागला का? नसेल लागला तर लाल ठिपका चिकटवायचा. ठिपका लागला की ती वस्तू बाहेर. जागा मोकळी, डोकं मोकळं. तुला पटणार नाही ताई, एकशे अठरा जोडांना ठिपका लागला!”

“आणि ज्यांना नाही लागला ते?”

“नंबर लावून बघितले, तर सगळ्या भिंतीवरच डबल-डबल होते. सहा नंबरचे एकवीस जोड! एकवीस! मी म्हटलं, एवढ्या वर्षांत ताईच्या लक्षात कसं आलं नाही? मग सगळेच काढले. माळ्यावरच्या पेटीत प्रत्येक नंबराचा एकेक चांगला, गुळगुळीत, काही चिकटवाचिकटवी नसलेला सापडला, तेच मांडले.”

ताई फळीपाशी गेली आणि तिने पहिला जोड उचलला. तिच्या हाताला तो लगेच ओळखू आला. वडिलांनी फार पूर्वी बाजारातून आणलेले साधे फर्मे होते ते. इतके निरुपयोगी, की तीस वर्षांत एकदाही वापरले नव्हते. म्हणून तर गुळगुळीत राहिले होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती संतापली की ओरडत नसे. तिची भाषा एकदम अदबशीर होई, आणि घरातल्या सगळ्यांना त्या अदबीची धास्ती होती.

“आपण त्यांचं काय केलंत?” तिने विचारलं.

धाकट्याच्या हातातलं चोपडं खाली आलं. “ताई, अहो-जाहो नको गं करू.”

“आपण त्यांचं काय केलंत?”

“कोपऱ्यावरच्या बेकरीला दिले. सरपण म्हणून. तो म्हणाला, जुनं लाकूड आहे, छान पेटेल.”

⁂

बेकरी चाळीस पावलांवर होती. ताई पायांत चपला न घालता निघाली आणि ते तिला भट्टीसमोरच्या गरम फरशीवर उभी राहिल्यावर कळलं.

बेकरीवाला आडदांड, पण मनाने मऊ माणूस. त्याने हात जोडावेत की कपाळाला लावावेत हे त्याला ठरवता येईना. “मला काय माहीत ताई? तुमच्याच भावाने हातगाडीवर घालून आणले. दोन खेपा केल्या. तीन दिवस भट्टी त्याच्यावरच चालली. आहेत थोडे मागे.”

मागच्या अंगणात पत्र्याखाली एक लहानसा ढीग उरला होता. ताई उकिडवी बसली आणि एकेक उचलू लागली. सुतळ्या सुटल्या होत्या. उजव्याला डावा नव्हता, डाव्याला उजवा नव्हता. आणि तिसराच फर्मा हातात घेताच ती थांबली. लाकूड उघडं होतं. चवड्यावर, घोट्याखाली, टाचेवर सरसाचे पिवळे डाग होते, आणि ज्यांनी ते लाकूड एका विशिष्ट माणसाचं पाऊल झालं होतं, ते कातड्याचे थर नव्हते.

“कातडं कुठे गेलं?”

“ते काढलं मी,” बेकरीवाला अपराध्यासारखा म्हणाला. “जळताना वास मारतं. पावाला लागतो. म्हणून आधी ओरबाडून काढायचं, मग आत टाकायचं. ते काय, तिथे.”

भिंतीलगत एक पत्र्याची बादली होती. बादलीत नखाएवढे, बोटाएवढे, चंद्रकोरीसारखे, जिभेसारखे, पातळ-जाड शेकडो तुकडे. प्रत्येक तुकडा तिने किंवा वडिलांनी रापीच्या पात्याने तासून कडेला कागदासारखा केलेला. आता कुठला कुणाच्या अंगठ्याचा आणि कुठला कुणाच्या टाचेचा, हे जगात कुणालाच सांगता आलं नसतं. तिलासुद्धा नाही.

मोजले तेव्हा एकेकटे मिळून एकोणपन्नास निघाले. अंगावर कातडं शाबूत असलेले त्यांत अकरा होते. ‘टपाल’ लिहिलेला उजवा सापडला. डावा नव्हता.

धाकटा अंगणाच्या दारात उभा होता. त्याला अजून नीटसं समजलं नव्हतं, पण बहिणीच्या पाठीकडे बघून एवढं समजलं होतं, की पुढे पाऊल टाकायचं नाही.

“बादली घ्या,” ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली. “आणि हे पोत्यात भरा. मोजून भरा. आपल्याला मोजायची आवड आहे.”

⁂

दुकानात आल्यावर तिने त्याला काचेच्या फळीखाली उभं केलं आणि एकेक फर्मा त्याच्यासमोर आपटत विचारू लागली. हा कुणाचा? माहीत नाही. हा? माहीत नाही. याचा घोटा असा का? माहीत नाही.

“मग हात कसा लावलास?” अखेर अदब सुटली आणि आवाज चढला. “ज्याच्यातलं ओ की ठो कळत नाही त्याला ठिपके कसले चिकटवतोस? माणूस वर्षातून एकदा बूट करतो रे! नव्वद दिवस म्हणे! वर्षातून एकदाच लागतो तो फर्मा. त्या एका दिवसासाठी तो तीनशे चौसष्ट दिवस टांगलेला असतो. तुझ्या त्या शिबिरातल्या सरांच्या घरी छत्री असेल ना? विचार त्यांना, उन्हाळ्यात भट्टीत घालतात का?”

“मला कोण सांगणार हे?” धाकटाही आता उसळला. “तू? अठरा वर्षं झाली मला या दुकानात. मी काय करतो? दार उघडतो, झाडू मारतो, फोन घेतो, गिऱ्हाइकाला ‘बसा हं, ताई येतेय’ म्हणतो. कितीदा विचारलं तुला, हे तुकडे का लावतेस? काय म्हणालीस? ‘तुला नाही कळायचं, बाळ.’ एकदा तरी लिहून ठेवलंस? वही आहे कुठे? कागद आहे? हे सगळं तुझ्या डोक्यात, तुझ्या हातात, आणि त्या भिंतीवर. मला भिंत दिसत होती ताई, फक्त भिंत. तू दाखवलीसच नाहीस दुसरं काही.”

ताईचा हात वरच्या वर थांबला. हे त्याने बोलायला नको होतं, कारण ते खरं होतं. आणि ते खरं होतं म्हणून तिचा राग कमी न होता दुप्पट झाला. भावावरचा होताच, त्यात स्वतःवरचा मिसळला. वडील गेल्यावर तिने दुकान उचलून धरलं. लोक म्हणाले, हात बापाचा आहे. त्या एका वाक्यावर ती इतकी वर्षं जगली होती. तो हात दुसऱ्या कुणाला आला असता, तर ते वाक्य वाटून घ्यावं लागलं असतं. तिने वाटून घेतलं नव्हतं.

पण हे ती त्याला सांगणार नव्हती. आज तर मुळीच नाही.

दारावरची घंटी वाजली. टपालवाली बाई आत आली. खांद्यावर रिकामी पिशवी, पायांत घरातल्या सपाता आणि डाव्या घोट्याला पट्टी. बारा वर्षांपूर्वी रेल्वेच्या फाटकात मालगाडीखाली सापडून तिच्या डाव्या पावलाचा बाहेरचा तिसरा भाग गेला होता. उरलेल्या पायावर ती रोज अकरा किलोमीटर चालत टपाल वाटायची, आणि ते केवळ या दुकानातल्या बुटांवर. मागचा जोड आठवड्यापूर्वी तळातून फाटला होता. पुढच्या सोमवारपर्यंत नवा मिळायचा होता. तोवर रजा, आणि रजा सोमवारी संपत होती.

“अगोबाई, काय गोरीपान झाली भिंत!” ती म्हणाली. “आम्ही सगळे लटकलेलो कुठे गेलो?”

तिने दोघांची तोंडं पाहिली, मग पोतं, मग बादली. टपाल वाटणाऱ्या माणसाला बंद पाकिटातली बातमी पाकीट हातात देतानाच कळते, तसं तिला कळलं.

“माझा?”

“उजवा आहे,” ताई म्हणाली.

“उजव्याला काय करायचंय! उजवा माझा कुठल्याही दुकानात बसतो. डावा?”

“भट्टीत गेला,” धाकटा पुटपुटला.

टपालवाली स्टुलावर बसली. ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “म्हणजे दुसऱ्यांदा गेला की हो. पहिल्यांदा निदान फाटकवाल्याने माफी मागितली होती.” मग तिचा आवाज बदलला. “पहिला बूट अंगाला बसायला तीन वर्षं लागली होती, ताई. आठवतंय ना? रक्त येई. मी मोजे धुऊन धुऊन थकले होते. आता परत तीन वर्षं? साहेब म्हणालेत, सोमवारी फिरतीवर नाही आलात तर आत टेबलावर बसा, शिक्के मारा. आणि एकदा टेबलावर बसलं की फिरती दुसऱ्याला जाते, परत मिळत नाही. मला शिक्के नाही मारायचे. मी चालते म्हणून माणूस आहे.”

“सोमवारी मिळेल,” ताई म्हणाली. कसा, ते तिला माहीत नव्हतं.

“कसा?”

ताईने पोत्यातून उजवा काढून मांडीवर घेतला. बाई गेल्यावर तिने धाकट्याला विचारलं, “त्या तुझ्या शिबिराचं काय चाललंय उद्या?”

“समारोप आहे.” त्याने मान खाली घातली. “मला बोलायचंय. सरांनी तीन दुकानं निवडलीत, त्यात आपलं पहिलं आहे. त्यांनी स्वतः येऊन फोटो काढले होते. आधीचे आणि नंतरचे.”

“आधीचे?”

“मोठा कॅमेरा आणला होता.”

“मी येणार आहे,” ताई म्हणाली.

⁂

सभागृह गारेगार होतं. दीडशे खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक पेन आणि पाण्याची बाटली. शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, सायकल दुरुस्त करणारे होते, एक लोणी विकणारं जोडपं होतं, आणि ज्यांनी अजून काहीच सुरू केलं नव्हतं पण करायचं होतं अशी पुष्कळ पोरं-पोरी होती. सगळे मनापासून ऐकत होते. ताईला त्यांचा राग आला नाही. एकट्याने दुकान चालवणाऱ्याला कुणीतरी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात असं वाटणारच. तिलाही कधीकधी वाटलं होतं. राग आला तो मंचावरच्या सरांच्या आवाजाचा. तो आवाज कधी अडखळतच नव्हता.

“आता हे बघा,” सर म्हणाले आणि पडद्यावर ताईची भिंत उभी राहिली.

ती भिंत जशीच्या तशी, माणसाच्या दुप्पट उंच, प्रत्येक खिळा, प्रत्येक सुतळी. आणि तिच्यावर लाल अक्षरांत, तिरपा, शिक्क्यासारखा शब्द: ‘अडगळ’. सभागृहात हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता तो. आपल्याही घरी असंच आहे, हे ओळखणाऱ्यांचा होता.

“एकवीस जोड सहा नंबरचे!” सर हसत म्हणाले. “मालकांनाच माहीत नव्हतं. आणि आता—”

पडदा बदलला. पांढरी भिंत, काचेची फळी, दिवा. टाळ्या.

“मागे जा,” ताई म्हणाली.

ती उभी आहे हे तिला नंतर कळलं. सरांनी हात कपाळावर धरून अंधारात पाहिलं.

“प्रश्न शेवटी घेऊ या, मावशी.”

“प्रश्न नाही. तो आधीचा फोटो परत लावा. आणि मी मावशी नाही, त्या भिंतीची मालकीण आहे. ‘मालकांना माहीत नव्हतं’ म्हणालात ना आत्ता? विचारलंत कधी मालकाला?”

मंचाच्या कडेला बसलेल्या धाकट्याने डोळे मिटून घेतले. फोटो परत लागला. ताई मधल्या वाटेने चालत पडद्याजवळ गेली. उजेड तिच्या अंगावर पडला आणि तिच्या साडीवर टाचांच्या रांगा उमटल्या.

“हा दुसऱ्या रांगेतला पाचवा,” तिने बोट ठेवलं. “घड्याळजी. उभं राहून काम करतो, दोन्ही टाचांना भेगा. हा उंच मास्तरणीचा. हा डावा हट्टी, याचं नाव वडिलांनी ठेवलं, कारण नऊ वेळा फर्मा बदलला तरी पाय ऐकत नव्हता. हा एका पोरीचा. सोळा वर्षांची होती तेव्हा केला, आता एकतीसची आहे. पंधरा थर आहेत त्याच्यावर, मोजा हवं तर. सहा नंबरचे एकवीस जोड नाहीत हे. एकवीस माणसं आहेत. नंबर फक्त लांबीचा असतो, सर. पाय काय नुसता लांब असतो?”

आता कुणी हसत नव्हतं.

“ताई, तुमच्या भावना मी समजू शकतो,” सर म्हणाले. “बदल नेहमीच त्रासदायक—”

“भावना खड्ड्यात गेल्या. मापं होती ती माझी! एकशे चाळीस माणसांची मापं होती आणि तुमच्या ठिपक्याने तीन दिवसांत पाव भाजले त्यांच्यावर. मला तुमचं सांत्वन नको. मला हा फोटो पाहिजे. आहे तेवढा मोठा, आणि वरचा तो शिव्या देणारा शब्द पुसून.”

सर गोंधळले. त्यांच्या आवाजाला पहिल्यांदा ठेच लागली. “फोटो... तसा संस्थेच्या मालकीचा असतो. अर्ज करावा लागेल. दोन-तीन आठवड्यांत...”

“फोटो काढताना अर्ज कुणी केला होता?”

तेवढ्यात धाकटा उठला. त्याच्या हातात भाषणाचे कागद होते, ते त्याने घडी करून खिशात घातले.

“सर, द्या,” तो म्हणाला. तो हळूच बोलला, पण ध्वनिक्षेपक जवळ असल्याने सगळ्यांना ऐकू गेलं. “मी आज यशाची गोष्ट सांगणार होतो. मला ती सांगता येणार नाही. ठिपका तुमचा होता, पण चिकटवला मी. हातगाडीही मीच ओढली. सोमवारी एका बाईला बूट द्यायचेत, तिचा डावा पाय त्या फोटोत तिसऱ्या रांगेत आहे, ‘टपाल’ लिहिलेला. आत्ता द्या.”

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखरच शंभर दुकानं पाहिली होती आणि त्यांतल्या नव्व्याण्णवांत अडगळ ही अडगळच होती. त्यांनी संगणकातून आधीचे चारही फोटो काढून धाकट्याच्या हाती दिले. मग मंचावरून वाकून हळूच, अगदी प्रामाणिकपणे, ताईला विचारलं, “मग नव्वदच्या जागी किती दिवस लिहू? चारशे ठेवू?”

ताईला त्यांच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. हात मागे बांधून ती म्हणाली, “ते ज्याचं दुकान असेल त्याला विचारा. आणि तो म्हणेल, तेव्हा पेन खाली ठेवून ऐका.”

⁂

फोटो कागदावर छापून आणले तेव्हा त्यांचे चोवीस ताव झाले. धाकट्याने ते पांढऱ्या भिंतीवर ‘आमचा वारसा’ ही अक्षरं झाकतील असे चिकटवले. ताईने काचेची फळी उतरवून दाराबाहेर ठेवली आणि तिच्यावर, हाताला येईल तिथे, लाल ठिपका लावला. धाकट्याने ते पाहिलं.

दोन दिवस दोघं समोरासमोर बसून होती. ती खूण वाचून सांगे, हा कोण, पाय कसा, कुठे थर, कुठे कानस. तो लिहून घेई. जाड वही आणली होती. एका माणसाला दोन पानं. ती भराभर सांगे आणि तो मागे राहिला की म्हणे, “शिबिरात भराभर लिहीत होतास ना?” एकदा त्याने विचारलं, चवड्याचा थर पुढे का नाही, मागे का? तिच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं. तिने ते गिळलं आणि नाखुशीने, तुटक शब्दांत, का ते सांगितलं.

शिवाय फोन करायचे होते. तेही त्यानेच, आणि ‘काही कारणाने’ असं म्हणायचं नाही, हे तिने बजावलं होतं. “मी तुमचा फर्मा जाळला. पुन्हा माप द्यायला याल का?” असं एकशे एकोणचाळीस वेळा. घड्याळजीने त्याची आईमाई उद्धरली. मास्तरीण रडली. डावा हट्टी नुसतं “बरं” म्हणाला आणि फोन ठेवला, तो पुन्हा कधी उचललाच नाही. तेवीस लोक येणार नाहीत हे दुसऱ्या संध्याकाळपर्यंत नक्की झालं. ताईने वहीतल्या त्या नावांवर काट मारू दिली नाही. “राहू देत. दिसत राहू देत.”

शनिवारी टपालवाली आली.

फोटोत तिची डावी टाच मागून दिसत होती. घोट्याखाली चार थर होते, बाहेरून कापल्यासारखी सपाट बाजू होती आणि आतल्या अंगाला एक फुगीर तुकडा. पुढचा भाग दिसत नव्हता. तो तिच्या पायावरूनच घ्यायला लागणार होता. ताईने नवं लाकूड निम्मं तासून ठेवलं होतं. तिचे हात भुशाने माखले होते आणि डोळे तांबडे झाले होते.

“सोमवारी बसेल?” बाईने विचारलं.

“चालाल. अकरा किलोमीटर नाही, पाच. मग इथे यायचं, दुखेल तिथे मी काढीन. असं रोज पंधरा दिवस. बाकीचे सहा बाळ टाकेल सायकलवरून. साहेबांना मी फोन केलाय.”

“मी?” धाकटा म्हणाला.

“मग कोण, सर?”

टपालवालीने मान वळवून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “पत्ते वाचता येतात ना याला? नाहीतर मोकळं डोकं म्हणून पिशवीच भट्टीत घालायचा.”

ताईला हसू आलं नाही. तिने कोरा कागद फरशीवर अंथरला. मग नेहमीसारखी स्वतः खाली न बसता तिने पेन्सिल भावापुढे धरली.

तो गुडघ्यांवर बसला. बाईने पट्टी सोडून पाऊल कागदावर ठेवलं. एवढ्या वर्षांत त्याने ते कधी उघडं पाहिलं नव्हतं. बाहेरच्या कडेला कातडी ताणून शिवल्यासारखी, चकाकती, आणि करंगळीची जागा रिकामी. त्याने टाचेपासून पेन्सिल फिरवायला घेतली.

“तिरपी झाली,” ताई वरून म्हणाली. “तिरपी धरलीस की टोक पायाखाली शिरतं. पाय आहे त्यापेक्षा बारीक निघतो, बूट रक्त काढतो. पुसून टाक. परत.”

त्याने पुसून परत काढलं.

“परत.”

“ताई, आता तर सरळच होती—”

“तिच्या पायाला विचार सरळ होती का. परत.”

बाई पाय न हलवता बसून राहिली. धाकट्याने चौथ्यांदा पेन्सिल टेकवली, दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि श्वास रोखून त्या नसलेल्या करंगळीच्या कडेने सावकाश पुढे सरकू लागला.

“उभी धर,” ताई म्हणाली. तिच्या आवाजातली धार तशीच होती. पण ती उठून गेली नाही, की पेन्सिल काढून घेतली नाही. “उभी धर म्हटलं ना.”